गाडेकरांच्या शब्दावर

गाडेकरांचा मला हेवा वाटत असे. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला ती न सांगताच कळली असणार, कारण कॉलेजातून घरी आलो की चहा पिता पिता मी रोज गाडेकरांबद्दल काहीतरी वाकडं बोलत असे. "एवढं काय आहे हो त्या कारकुनात?" असं तिनं एकदा विचारलं. मी कप खाली ठेवला आणि वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

अंबादास गाडेकर आमच्या कॉलेजात कारकून होते आणि मी मराठीचा प्राध्यापक. मी एम.ए., तोही पुण्याचा. ते मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. निजामाच्या राज्यात त्यांचं शिक्षण उर्दूतून झालं, आणि ऐन परीक्षेच्या वर्षी पोलीस ॲक्शन झाली. शाळा बंद पडली. इतरांची पुढं उघडली, यांची उघडली नाही, कारण तोवर वडील गेले होते आणि हे कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुनशी म्हणून चिकटले होते. पुढं ते जिनिंगही बंद पडलं. गावातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी मिळून संस्था काढली आणि त्याच जिनिंगची स्टेशनाकडची दोन गोदामं कॉलेजसाठी घेतली, तेव्हा किल्ल्या गाडेकरांकडं होत्या. "इमारतीबरोबर गाडेकर आम्हाला फुकट मिळाले," असं आमचे प्राचार्य म्हणत.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला नुसता तालुका होता. कापूस होता, सरकी होती, मोसंबी होती, रेल्वे होती. कॉलेज मात्र नव्हतं. पोरं मॅट्रिक झाली की एक तर औरंगाबादची गाडी धरत, नाहीतर बापाच्या मागं औत धरत.

गाडेकर उंच होते, काळेसावळे, अंगावर धोतर आणि जाडाभरडा सदरा. खांद्यावर कायम एक पंचा. त्यांच्याकडं सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना फार क्वचित पाहिलं. ते ती हातात धरून चालत. मी एकदा हसून विचारलं, "गाडेकर, ही सायकल तुमची की तुम्ही सायकलीचे?" तर म्हणाले, "वर बसलं की माणसं मागं राहत्यात, सर. बोलणं होत न्हाई."

आणि बोलणं हाच त्यांचा धंदा होता. बोलणं म्हणजे तरी काय, बहुतेक वेळ ते ऐकतच असत. समोरचा काहीही म्हणाला की आधी "बराबर" म्हणत. त्याचं सगळं सांगून होईपर्यंत थांबत. मग त्याला एखादाच प्रश्न विचारत. खेड्यातल्या एखाद्या माउलीला काही कबूल केलं, की पंच्याच्या टोकाला एक गाठ मारत. पोराला दूध सोसत नाही, पोराला झोपेत बोलायची सवय आहे, पोराच्या कानात दर आठ दिवसांनी तेल घालावं लागतं. अशा गाठी मारलेला पंचा घेऊन ते जूनमध्ये वसतिगृहात जात आणि आचाऱ्याला, रखवालदाराला, पोराच्या शेजारच्या खाटेवरच्या पोराला एकेक गोष्ट सांगून एकेक गाठ सोडत. मी हे पाहिलं तेव्हा मला ते नाटकी वाटलं. नाटकी नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी आमचे निम्मे बाक रिकामे राहिले. बाहेरगावच्या मोठ्या कॉलेजांची छापील माहितीपत्रकं तेव्हा खेडोपाडी पोचू लागली होती. त्यांत कमानीदार इमारतींचे फोटो असत, क्रिकेटच्या संघाचा फोटो असे, वसतिगृहात विजेचे पंखे असल्याचं ठळक छापलेलं असे. आमच्या प्राचार्यांनी ती पत्रकं टेबलावर पसरली आणि मला म्हणाले, "आपलंही असं पाहिजे. तुम्ही लिहा. भाषा तुमची."

मी आठ दिवस खपलो. 'ज्ञानाच्या या नव्या मंदिरात' अशी सुरुवात केली. ग्रंथालयाचा फोटो घ्यायचा म्हणून माझी घरची दोन ट्रंका पुस्तकं आणून कपाटात लावली. संस्थेतल्या एका वकिलांच्या मुलाला कोट घालून त्या कपाटापुढं वाचत बसवलं. गोदाम दिसणार नाही अशा बेतानं बाहेरच्या कडुलिंबाचा फोटो काढवला. मजकूर तयार झाल्यावर प्राचार्यांनी तो गाडेकरांना वाचायला दिला. त्यांनी तो उभ्यानं, ओठ हलवत, सावकाश वाचला.

"लई भारी लिहिलंय, सर," ते म्हणाले. मग जरा थांबून, "फक्त गोदाम कुठंच आलं न्हाई ह्यात."

"गोदामाचा उल्लेख कशाला?"

"पोरगं येईल ना सर हितं. आल्यावर दिसंलच त्याला."

गाडेकरांनी मग प्राचार्यांच्या परवानगीनं आपलं एक वेगळं पत्रक काढलं. गुलाबी रंगाचा एकच कागद, छापखान्यात उरलेला. त्यातला मजकूर मला अजून पाठ आहे, कारण त्या उन्हाळ्यात तो मी रागारागानं कितीतरी वेळा वाचला होता.

'आमचे कॉलेज पत्र्याच्या गोदामात आहे. पत्रा तापतो म्हणून तास सकाळी सातला भरतात आणि अकराला सुटतात. पुस्तके थोडी आहेत पण घरी न्यायला मिळतात. वसतिगृहात जवारीची भाकरी असते. गव्हाची पोळी सणाला. शिकवणारे सगळे एम.ए. झालेले आहेत. ज्याच्या घरी शेती आहे त्याला पेरणीची आठ दिवस सुट्टी आहे. ती मागावी लागत नाही.'

ही पेरणीची सुट्टी त्यांनी प्राचार्यांशी तीन दिवस हुज्जत घालून मिळवली होती.

माझ्या माहितीपत्रकाचे गठ्ठे गावोगावच्या शाळांत जसेच्या तसे पडून राहिले. गुलाबी कागद मात्र देवळाच्या खांबांवर खळीनं चिकटलेला दिसे. ज्याला वाचता येई तो ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवी, आणि भाकरीच्या ओळीला माणसं माना डोलवत. त्या जूनमध्ये बाक भरले. दोन बाक जिनिंगच्या फळ्यांतून नवे करून घ्यावे लागले. संस्थेच्या चिटणीसांनी सभेत गाडेकरांची पाठ थोपटली आणि मग माझ्याकडं वळून, राहून गेलं म्हणून, "आणि सरांचंही छापील काम छानच," असं म्हणाले.

मी गाडेकरांना एकदा विचारलं, "सगळी कमतरता अशी उघड सांगता. भीती नाही वाटत?"

"खोटं सांगितलं तर पोरगं एकदाच येतंय, सर. खरं सांगितलं तर पुढच्या साली त्याचा भाऊ पण येतो."

येत होतेच भाऊ. चुलत भाऊ येत होते, मेव्हणे येत होते. धोतरं नेसून येत आणि दिवाळीपर्यंत पायजम्यात शिरत. होळीपर्यंत एखाद्याची पँट शिवून होई आणि मग ती पँट फोटो काढायच्या दिवशी चौघांच्या अंगावर फिरे. खिशाला फाउंटन पेन, डोक्याला चपचपीत तेल, भाड्याच्या सायकलीवर दोघं दोघं. हॉटेलात एक कप चहा घेऊन तासभर बसायचं आणि सिनेमातल्या नटासारखं मान वाकडी करून बोलायचं. ही सगळी पोरं तास सुटला की माझ्याजवळून निघून जात आणि गाडेकरांच्या टेबलाभोवती गोळा होत. मी शिकवलेलं ती वहीत उतरवून घेत. मनातलं मात्र जाऊन त्या कारकुनाला सांगत.

एकदा वर्गात अंबडकडच्या एका मुलाला मी उभं केलं. कवितेचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "मला न्हाई समजलं, सर." मी म्हणालो, "'न्हाई' नाही. नाही. म्हण, नाही." त्यानं पुन्हा न्हाईच म्हटलं. मी पुन्हा दुरुस्त केलं. चौथ्या वेळेला सगळा वर्ग हसत होता आणि, खरं सांगायचं तर, वर्ग माझ्यामुळं हसतो आहे याचं मला सुख वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वसतिगृहात नव्हता. ट्रंकही नव्हती.

गाडेकर दोन दिवसांची रजा टाकून गेले आणि त्याला घेऊन आले. मला वाटलं, आता हे प्राचार्यांकडं जाणार. ते माझ्याकडं आले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, त्याचं 'न्हाई' चुकलं न्हाई. मायनं शिकवलेली भाषा हाय ती. तुमची पण शिकवा ना. तिची काहून मोडता?"

मी म्हणालो, "गाडेकर, शिकवण्याचं काम माझं आहे."

"बराबर," ते म्हणाले आणि गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही झालं नाही. चांगली झोप लागली. ते बरोबर आहेत हे पटलं म्हणूनच मला त्यांचा अधिक राग आला होता, आणि राग आलेला माणूस झोपतो.

तिसऱ्या वर्षी सायन्सचं घाटत होतं. संस्थेनं विद्यापीठाकडं परवानगीचा अर्ज केला होता. मे महिन्यात प्राचार्यांनी मला गाडेकरांबरोबर हसनाबादच्या बाजाराला पाठवलं. "लोकांना प्राध्यापक दिसला पाहिजे," म्हणाले. शाळेच्या ओट्यावर खुर्ची मांडली गेली. मी राष्ट्राच्या उभारणीत उच्च शिक्षणाचं स्थान या विषयावर पाऊण तास बोललो. लोकांनी शांतपणे ऐकलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सायबांचं गाव कंचं?" आणि सभा संपली.

गाडेकर एवढा वेळ कुठं होते ते पाहायला मी निघालो. ते बाजारात एका बाभळीखाली भुईमुगाच्या शेंगा सोलत उकिडवे बसले होते. समोर तुकाराम आबा म्हणून त्या गावचे एक शेतकरी. आबांची मुलगी पार्वती जालन्यात मामाकडं राहून मॅट्रिक झालेली होती. तेवढ्या भागात तिच्याआधी कुठलीच मुलगी मॅट्रिक झालेली नव्हती.

"झाली मॅट्रिक. आता बास," आबा सांगत होते.

"बराबर," गाडेकर म्हणाले. "तिला इचारलं?"

"काय इचारायचं?"

"बास का म्हणून."

आबा शेंग सोलायचे थांबले. मग म्हणाले, "तिला डाक्टर व्हायचंय म्हणती. तिची माय बाळंतपणात गेल्ती, तवापासून एकच. तुमच्याकडं हाय का सायन्स?"

"आज न्हाई. अर्ज गेलाय. परवानगी आली की मी सोता येऊन सांगतो. त्याच्याआधी व्हय म्हणणार न्हाई."

मी दहा पावलांवर उभा होतो. मी पाऊण तासात एकाही माणसाला विचार करायला लावलं नव्हतं, आणि या माणसानं एका वाक्यात आबांचा हात शेंगेवर थांबवला होता. परतीच्या मोटारीत ते माझ्या शेजारी बसून सगळा रस्ता शेंगा खात होते. मलाही देत होते. मी घेतल्या नाहीत.

पुढच्या पंधरवड्यात प्राचार्य मुलीच्या लग्नासाठी वऱ्हाडात गावी निघाले. निघताना त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. गाडेकरांना म्हणाले, "परवानगी आल्यातच जमा आहे. तुम्ही थांबू नका, भोकरदनकडं जाऊन सायन्सची नावं घ्या. उलट पत्र आलंच तर सर मोटारवाल्याच्या हाती तुम्हाला निरोप धाडतील."

गाडेकर काचकूच करत होते. पण शेवटच्या वाक्याला त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "सर हायत, मंग बिनघोर," ते म्हणाले. हसनाबादला मुक्काम ठेवून त्यांनी लोकांना नेमकं तसंच सांगितलं, हे मला नंतर कळलं. चार दिवस हितंच हाय. परवानगी न्हाई मिळाली तर सर निरोप धाडतील. निरोप आला न्हाई तर समजा, झालं.

गाडेकर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं. प्रयोगशाळा नसल्यामुळं यंदा परवानगी देता येत नाही. चार ओळी होत्या. मी ते आवक नोंदवहीत तारीख घालून नोंदवलं. कारकून नसताना ते काम माझ्याकडं होतं आणि कामात मी चोख होतो. मग ते पत्र मी प्राचार्यांच्या खणात ठेवलं.

हसनाबादची मोटार आमच्या फाटकासमोरून जात असे. ड्रायव्हर ओळखीचा होता. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की पत्र प्राचार्यांच्या नावाचं आहे, त्यांनी पाहिल्याशिवाय बाहेर सांगणं शिस्तीला धरून नाही. दुसऱ्या दिवशी मोटारीचा भोंगा ऐकला आणि खिडकीशी गेलो. ड्रायव्हरनं हात वर केला. मीही केला. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला काहीच सांगितलं नाही. मला फक्त एकदा पाहायचं होतं, गाडेकरांचा शब्द खोटा पडताना. मला वाटत होतं, तसं झालं की आम्ही दोघं सारखे होऊ.

पाचव्या दिवशी ते आले, उन्हानं करपलेले, ओठ फुटलेले. पंच्याला गाठीच गाठी होत्या. "नऊ जण, सर," ते सायकल भिंतीला टेकवता टेकवता म्हणाले. "आबा पण तयार झाले पार्वतीला धाडायला. कालपर्यंत मागं-पुढं करून राह्यले होते. मी म्हटलं, आबा, आमच्या सरांचा निरोप न्हाई म्हंजे काम झालं. आता शंका बिलकुल न्हाई."

मी म्हणालो, "छान."

तेव्हाही सांगता आलं असतं. नऊ घरं होती, एक दिवस लागला असता. मी छान म्हणालो आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्य आले, खण उघडला आणि पत्र वाचून ते माझ्यापुढं धरलं. "हे कधी आलं?"

"काल," मी म्हणालो. "तुमच्या नावाचं होतं म्हणून ठेवलं."

गाडेकर दारात उभे होते. त्यांनी पत्र हातात घेतलं, वाचलं, आणि नोंदवायला म्हणून आपली नोंदवही उघडली. पान उलटलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मी त्या बोटाकडं पाहत होतो. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली असावी. मग त्यांनी वही हळूच मिटली.

"सर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमचं अक्षर लई सुंदर हाय."

त्यानंतर त्या पत्राबद्दल ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळी संस्थेची बैठक बसली. चिटणीस टेबलावर हात आपटत होते. "परवानगी हातात नसताना नावं घ्यायला कुणी सांगितलं होतं?" प्राचार्यांनी मान खाली घातली. मी छताच्या पत्र्याकडं पाहत होतो.

"माझी घाई झाली," गाडेकर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते एकेका घरी गेले. हसनाबादला काय झालं ते मला बऱ्याच वर्षांनी खुद्द पार्वतीनं सांगितलं. ते अंगणात आले, पण बाजेवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "आबा, मी खोटा पडलो. सायन्स न्हाई."

आबा संतापले. "आल्याबिगर सांगणार न्हाई म्हणलं होतं तुम्ही."

"व्हय."

"कुठं गेला मंग तुमच्या सराचा निरोप?"

पार्वती दाराआड उभी होती. ती म्हणाली, गाडेकरभाऊ म्हणाले, "मला पोचला न्हाई. चूक माझीच. आता एक करा. पोरगी माझ्यासंगं द्या. तुम्ही पण चला. जिथं सायन्स हाय तिथं घालून देतो. न्हाई घालता आलं तर तिला हितं आणून सोडीन आन् पुन्हा ह्या गावात पाय ठेवणार न्हाई."

नऊही जणांना आणि आबांना घेऊन ते औरंगाबादला गेले. दहा दिवस तिथं राहिले. मुलांना वसतिगृहं मिळवून दिली. पार्वतीसाठी एका वयस्कर विधवा शिक्षिकेच्या घरी खोली पाहिली, आणि आबांना ती बाई, ते घर, आतली चूल, मागचं न्हाणीघर असं सगळं दाखवल्यावरच त्यांना परतीच्या गाडीत बसवलं. पार्वती पुढं डॉक्टर झाली. तिच्या हातून किती बाळंतपणं झाली असतील ते तिलाही सांगता येणार नाही.

ते परत आले तेव्हा चिटणीसांनी त्यांना घरी बसवलं. आपल्या कॉलेजचा माणूस आपल्या हातानं नऊ विद्यार्थी दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतो, याचं त्यांना फार लागलं होतं. किल्ल्या गाडेकरांनी माझ्याच हातात दिल्या. कुठलं कुलूप जरा खेचून धरून उघडावं लागतं, ते समजावून सांगितलं. मला हलकं वाटलं. ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी तास सुटल्यावर पोरं सवयीनं त्या रिकाम्या टेबलापाशी गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि पांगली. माझ्याकडं कुणी आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खेड्यांवर मलाच जावं लागलं. मी यावेळी भाषण केलं नाही. बाभळीखाली बसून पाहिलं, शेंगाही विकत घेतल्या. लोक येत, नमस्कार करत आणि विचारत, "गाडेकरभाऊ न्हाई आले?" मी सांगे, त्यांनी नोकरी सोडली. ते म्हणत, असं का, आणि पुढं जात. ते नसतानाही तिथं त्यांचीच माणसं होती, त्यांचीच चौकशी होती. इतका हेवा मला ते समोर असताना कधी वाटला नव्हता.

त्याच साली मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. जूनमध्ये एका सकाळी मी बायकोला माहेरी जायच्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो होतो. तिची गाडी गेली आणि मी परत फिरलो, तर समोरच्या फलाटावर औरंगाबादकडची गाडी लागलेली. एका डब्यापाशी ट्रंका, वळकट्या, गाठोडी यांचा ढीग, आणि त्या ढिगात गाडेकर. ते तेव्हा बियाण्याच्या एका दुकानात काम करत होते. पेरणीच्या दिवसांत दुकान सोडून ते स्टेशनवर कसे, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. खेड्यातली माणसं अजून पोरांना घेऊन त्यांच्याकडंच येत आणि कुठं घालू म्हणून विचारत.

मला दुसऱ्या बाजूनं निघून जायचं होतं. पण त्यांनी मला पाहिलं.

"सर! ओ सर! जल्दी या हिकडं."

मी गेलो. त्यांच्याजवळ पागोटं घातलेले एक गृहस्थ आणि त्यांचा सडपातळ, घाबरलेला मुलगा उभा होता. मुलाच्या हातात ट्रंक.

"हे आमचे सर," गाडेकर त्या गृहस्थांना म्हणाले. आमचे म्हणाले. "तुमच्या पोराला सायन्स नको ना? कविता करतो म्हणता ना? मंग त्याला काहून धाडता औरंगाबादला ह्यांच्यासंगं? सर हितंच हायत."

ते गृहस्थ माझ्याकडं संशयानं पाहू लागले. पत्र्याच्या कॉलेजची कीर्ती त्यांच्याही कानावर असावी.

"आता खरं सांगतो तुम्हाला," गाडेकर म्हणाले. "सर पोरांत मिसळत न्हाईत. भाषा चुकली की चारचौघांत बोलत्यात. ते पोरानं मनाला लावून घ्यायचं न्हाई. पण कविता शिकवायला लागले ना, की मी हजेरीचं रजिस्टर घेऊन दाराभाईर उभा राहायचो. आत द्यायचं इसरून जायचो. तास संपला की आठवायचं. तसं शिकवणारं मला औरंगाबादला पण कुणी दिसलं न्हाई, आन् मी तिथं दहा दिवस दारोदार हिंडून राह्यलो होतो."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्या नोंदवहीतल्या तारखेबद्दल बोलायला याहून बरी जागा मला मिळाली नसती. "गाडेकर," मी म्हणालो, "ते पत्र..."

"गाडी सुटती, सर," ते म्हणाले आणि वळले.

इंजिनानं शिट्टी दिली. त्यांनी राहिलेली वळकटी खिडकीतून आत लोटली, एका पोराच्या हातात पाण्याचा फिरकीचा तांब्या दिला, दुसऱ्याला दारातून आत ढकललं. डबा हलला तसे ते त्याच्याबरोबर चालू लागले, मग धावू लागले. धोतराचा सोगा एका हातात धरून ते खिडकीतल्या एकेकाला काही ना काही सांगत होते आणि आतली सगळी पोरं एकदम त्यांना उत्तरं देत होती. मी इतकी वर्षं शिकवलं. कुठल्याच गाडीतून माझ्यासाठी इतके हात बाहेर आले नाहीत. त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला. एवढं चांगलं माझ्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं, आणि तेही त्यांनीच बोलावं.

पागोटेवाल्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला माझ्या बाजूला सरकवलं. मुलानं ट्रंक खाली ठेवून माझ्या पायांना हात लावला.

गाडी गेल्यावर गाडेकर फलाटाच्या पार त्या टोकाला होते. पंच्यानं तोंड पुसत त्यांनी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्याकडं बघतायत, म्हणून मी हात वर केला. ते बघत होते मुलाकडं. तो माझ्याजवळ थांबला आहे एवढी त्यांनी खात्री करून घेतली, आणि रूळ ओलांडून ते दुकानाच्या वाटेला लागले.